जुन्या घराला नवी खोली जोडताना

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरामागे परड्यात स्वयंपाकघर वाढवायचं असेल, तर नव्या स्लॅबचं वजन जुन्या भिंतीवर अजिबात टाकू नका. दगड-मातीची भिंत आणि आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट) सारख्या प्रमाणात खचत नाहीत. दोन्ही एकजीव केलं की सांध्यावर चीर पडतेच. नव्या भागाला स्वतःचे कॉलम द्या आणि मधे दोनेक इंचांची फट ठेवा. फटीवर पत्र्याची पट्टी मारा, पण ती एकाच बाजूला पक्की करा. दुसरी बाजू मोकळी राहिली तरच दोन्ही बांधकामं आपापली हलू शकतात. जुन्या पायालगत त्याहून खोल खणायचं झालंच, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

गवंडी आग्रह करेल, तरी जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू देऊ नका. ओल आत कोंडते, पोपडे सुटतात. चुन्याचाच करा.

दिसायला नवा भाग नवाच असू दे. नक्षीदार खांबांची सिमेंटची नक्कल मूळच्या सागवानी खांबांशेजारी फार केविलवाणी दिसते. आणि 2019, 2021 च्या महापुराचं पाणी गल्लीत आलं असेल, तर विजेचे बोर्ड त्या खुणेच्या वरच घ्या.