जुना ३८६ सुरू करण्याआधी बॅटरी काढा
ठाण्यात किंवा वाशीत माळ्यावरून जुना २८६-३८६ (१९८०च्या दशकात आलेल्या त्या नावाच्या प्रोसेसरवर चालणारा) संगणक खाली काढलात, तर वीज जोडण्याआधी कॅबिनेट उघडा. मदरबोर्डवर, बहुतेकदा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी दिसेल. गळलेली नसली तरी ती कापून काढाच. तिच्यातलं अल्कली तांब्याच्या रेषा खातं, आणि खाडीकाठच्या दमट हवेत गंज लवकर पसरतो. हिरवट थर दिसला तर हातमोजे घालून पांढरं व्हिनेगर टूथब्रशनं हलकेच लावा, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पावसाळ्यात सुकायला भरपूर वेळ द्या. त्या जागी सीआर२०३२ (नाण्यासारखी चपटी, चार्ज न होणारी लिथियम बॅटरी) थेट जोडू नका. बोर्ड तिला चार्ज करू पाहील, ते धोक्याचं. मध्ये डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा सुटा भाग) हवाच. आणि हार्डडिस्कच्या लेबलावरचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे लिहून ठेवा, बॅटरी काढल्यावर संगणक ते विसरतो, म्हणून सेटअपमध्ये (सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) पुन्हा भरावे लागतील.