क्युबातली जुनी वसाहती शहरं फिरताय? या चुका टाळा

पहिली चूक तिकीट काढतानाच होते. त्रिनिदाद म्हटलं की आपल्याला वेस्ट इंडिजचं क्रिकेट आठवतं. ते बेट वेगळं. क्युबातलं त्रिनिदाद हे दक्षिण किनाऱ्याजवळचं, स्पॅनिशांनी १५१४ साली वसवलेलं शहर. विमानाच्या तिकिटावर पोर्ट ऑफ स्पेन, म्हणजे त्या बेटावरचं शहर, दिसलं, तर तिथेच थांबा. तुम्हाला हवानाला उतरून पुढे सव्वातीनशे किलोमीटर रस्त्याने जायचंय.

ब्रिटिश किंवा युरोपीय पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींनी आणखी एक बघावं. १२ जानेवारी २०२१ पासून क्युबाला गेलेल्यांना अमेरिकेत एस्टावर, म्हणजे व्हिसाऐवजी मिळणाऱ्या ऑनलाइन परवानगीवर, प्रवेश मिळत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो. अमेरिकेत नातेवाईक असतील तर हे आधीच ठरवा.

हवानाहून एका दिवसात त्रिनिदाद उरकू नका. जायलाच पाच-सहा तास लागतात, मग दुपारच्या उन्हात चौक बघून परत फिरायचं, याला काय अर्थ आहे? इथे मुक्काम करा. इथून सिएनफ्युएगोस शहर ८० किलोमीटरवर, सांक्ती स्पिरितुस शहर ७०. बसची जागा मिळाली नाही तर सामायिक टॅक्सी असते. भाडं बसण्याआधी ठरवा. आणि चाकांची बॅग नको, त्रिनिदादच्या दगडगोट्यांच्या रस्त्यांवर ती चालत नाही. पाठीवरची घ्या.

सगळ्यात मोठी चूक मात्र रंगीत वाडे बघून निघून जाण्याची. या वाड्यांचा पैसा शेजारच्या वाये दे लोस इन्हेनियोस या साखरेच्या खोऱ्यातून आला. एकोणिसाव्या शतकात तिथे पन्नासहून अधिक साखर कारखाने चालत, आणि राबत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. मानाका इस्नागा इथला सुमारे ४५ मीटर उंचीचा मनोरा अवश्य चढा. वरून उसाचा मुलूख एका नजरेत येतो, आणि मनोरा इतका उंच का बांधला तेही कळतं. गुलामांवर इथूनच पहारा असे, त्यांच्या कामाच्या वेळा इथलीच घंटा ठरवत असे. क्युबात गुलामगिरी संपली १८८६ मध्ये. साखरेचा धंदा त्याआधीच दुसरीकडे सरकू लागला होता, नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनं शहर जसंच्या तसं राहिलं. युनेस्कोने १९८८ मध्ये शहर आणि खोरं एकत्रच जागतिक वारशात घेतलं. आपणही ते एकत्रच बघायला हवं.

सगळी वसाहती शहरं सारखीच, असं समजून पुढची गाळूही नका. सिएनफ्युएगोस १८१९ मध्ये फ्रेंच वसाहतकारांनी वसवलं, तिथले रस्ते सरळ, चौकटीत आखलेले. कामागुएयच्या गल्ल्या मात्र वाकड्यातिकड्या. चाच्यांना चकवण्यासाठी त्या तशा केल्या, असं सांगतात. तिथे मोबाइलचा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. नाहीतर चौकांची नावं लिहून घ्या आणि माणसांना विचारत जा.

पैशांचं म्हणाल तर कार्डावर विसंबू नका. अमेरिकी बँकांची कार्डं चालत नाहीत, भारतीय चालेलच याची खात्री नाही. लहान रकमेच्या युरोच्या नोटा जवळ ठेवा. सीयूसी हे जुनं चलन २०२१ मध्ये बंद झालं, त्या नोटा कुणी सुट्टे म्हणून दिल्या तर परत करा.

राहायला घरगुती खोल्या उत्तम. दारावर निळं, नांगरासारखं चिन्ह असलेली घरं परवानाधारक. वीज आणि इंधनाची टंचाई तीव्र आहे, सगळ्या देशाची वीज एकदम गेल्याचे प्रसंगही घडलेत. खोली घेण्याआधी इन्व्हर्टर किंवा चार्जिंगचा पंखा आहे का विचारा. विजेरी आणि पॉवर बँक न्याच.

शाकाहारींनी कोंग्री, म्हणजे घेवड्याचा भात, डोळे झाकून मागवू नये. त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. ‘सिन मांतेका, सिन हामोन’, म्हणजे चरबी नको, हॅम नको, असं सकाळीच घरमालकिणीला सांगा. संध्याकाळी ती वेगळं पातेलं लावून देऊ शकते.