अडखळणाऱ्या व्यक्तीच्या जिभेची हालचाल अल्ट्रासाउंडवर कशी टिपायची

तोतरेपणात शब्द अडकतो तेव्हा मायक्रोफोनच्या हाती बऱ्याचदा नुसती शांतता लागते. त्या शांततेत जीभ टाळूला दाबून धरलेली आहे, थरथरते आहे, की पुढच्या स्वरासाठी केव्हाच जागेवर येऊन थांबली आहे, हे हनुवटीखाली लावलेल्या प्रोबमुळे, म्हणजे ध्वनिलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपणाऱ्या अल्ट्रासाउंडच्या भागामुळे, दिसतं. म्हणून सगळी तयारी त्या अडकलेल्या क्षणाला धरून करायची.

यंत्र

कॉन्व्हेक्स (बाहेर फुगीर तोंडाचा) किंवा आकाराने लहान मायक्रोकॉन्व्हेक्स प्रोब घ्या, वारंवारता 5 मेगाहर्ट्झच्या आसपास. प्रौढांना 80 ते 90 मिमी खोली पुरते. उगाच जास्त ठेवू नका. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला 1540 मीटर धरतात. त्या हिशोबाने 80 मिमी जाऊन परत यायला चित्रातल्या एका रेषेमागे सुमारे 104 मायक्रोसेकंद लागतात. एका फ्रेममध्ये, म्हणजे एका चित्रात, 64 रेषा असतील तर सेकंदाला फार तर 150 फ्रेम मिळतील, 128 असतील तर 75. खोली दुप्पट केली की फ्रेम निम्म्यावर येतात. ‘क’साठी जीभ 100 मिलिसेकंदांत वर चढली, तर सेकंदाला 30 फ्रेम देणाऱ्या यंत्रात त्या चढणीची तीनच चित्रं मिळतात. त्यावरून वेग काढण्यात अर्थ नाही. 80 फ्रेम तरी हव्यातच.

दवाखान्यातल्या यंत्रात ‘पर्सिस्टन्स’ ही सेटिंग बहुधा सुरूच असते. ती लागोपाठच्या फ्रेम एकमेकींत मिसळून चित्र गुळगुळीत करते आणि आपल्याला हवी असलेली थरथर नेमकी पुसली जाते. ती बंद करा.

भारतात काम करणार असाल तर यंत्र मागवण्याआधीच पीसीपीएनडीटी कायद्याचं (गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा) बघा. प्रोब हनुवटीखाली लावायचा असला, तरी जे यंत्र गर्भलिंग दाखवू शकतं ते नोंदणीशिवाय विकत घेता येत नाही. या कायद्याखालच्या समुचित प्राधिकाऱ्यांशी लेखी पत्रव्यवहार आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, दोन्ही आधी हातात असू द्या.

प्रोब बसवताना

प्रोब हातात धरून हे काम होत नाही. अडखळताना जबडा झटकला जातो, मान वळते, आणि प्रोब घसरतो तोही नेमका त्याच क्षणी. प्रोब डोक्याला बांधून जागेवर धरणारा हेडसेट वापरा. तो इतकाच आवळा की ‘आ’ म्हणताना जबडा मोकळा उघडेल. जास्त आवळला तर वीसेक मिनिटांत हनुवटीखाली दुखायला लागतं आणि माणूस तोंड कमी उघडून बोलू लागतो. जेल सढळ हाताने लावा. दाढीच्या केसांत हवा अडकते आणि चित्र काळवंडतं, तिथे जेल बोटाने केसांच्या मुळाशी चोळा.

पडद्यावर एका बाजूला जबड्याच्या हाडाची सावली आणि दुसऱ्या बाजूला कंठिकास्थीची (जिभेच्या मुळाशी, गळ्यात असलेल्या लहान हाडाची) सावली दिसली, आणि दोन्हींच्या मधे जिभेची पांढरी कमान अखंड असली, की प्रोब मध्यरेषेवर बसला. सहभागी व्यक्तीला मात्र हा पडदा दिसू देऊ नका. स्वतःची जीभ बघत माणूस वेगळंच बोलतो.

टाळू एरवी चित्रात येत नाही. पाण्याचा घोट गिळायला सांगा, म्हणजे जीभ वर टेकून टाळूची रेघ उमटते. मग दातांत चपटी पट्टी धरायला लावून चावण्याची पातळी टिपा. या दोन्ही नोंदी शेवटी पुन्हा घ्या. दोन्ही वेळच्या रेघांत 2–3 मिमीपेक्षा जास्त फरक पडला, तर मधल्या मोजमापांवर विसंबू नका, कारण ‘क’ची सगळी चढणच सेंटिमीटरभराची असते.

काय बोलायला द्यायचं

सुरुवात ‘अका, अकी, अकू’पासून करा. ‘क’साठी जिभेचा मागचा भाग उचलला जातो आणि तो स्वच्छ दिसतो. ‘ट’, ‘ड’, ‘ळ’ म्हणताना टोक वर वळतं, त्याच्याखाली हवा येते आणि टोक चित्रातून नाहीसं होतं. मराठीत ही अक्षरं मोहात पाडतील, पण पहिल्या अभ्यासात ती टाळा. प्रत्येक शब्द दहा-बारा वेळा हवा, क्रम मिसळलेला. तेच ते वाचत गेलं की अडखळणं कमी होत जातं, म्हणून अर्थपूर्ण वाक्यं आणि चारेक मिनिटांच्या मोकळ्या गप्पाही घ्या. स्वतःचं नाव सांगणं अनेकांना सगळ्यात जड जातं. ते विचारायचं असेल तर आधी तसं सांगून संमती घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शब्दाला तीन सेकंदांची मर्यादा ठेवली तर अडकलेला शब्द अर्ध्यात कापला जातो. ती 15 सेकंदांवर न्या. शब्द अडकला तर गप्प बसा. तो पूर्ण करू नका, ‘सावकाश बोला’ म्हणू नका आणि पुन्हा म्हणायला लावू नका. हा सौजन्याचा भाग आहेच, शिवाय तुमच्या एका वाक्याने पुढचं सगळं बोलणं बदलतं.

आवाज आणि चित्र जुळवायला यंत्राकडून दर फ्रेमला येणारा पल्स (छोटा विद्युत-संकेत) ऑडिओच्या दुसऱ्या चॅनेलवर टिपा. चेहऱ्याचा व्हिडिओही हवा, नाहीतर अडकणं कुठलं आणि साधा थांबा कुठला, हे नंतर सांगता येत नाही.

वाचन

अडखळण्याच्या खुणा दोघांनी स्वतंत्रपणे, फक्त आवाज आणि चेहरा पाहून कराव्यात. जिभेचं चित्र त्यानंतर उघडायचं. मग एकेक फ्रेम पुढे सरका. ‘अकी’ सहज म्हटलं तर कमान मागून चढते, टाळूला टेकते आणि बहुधा 100 मिलिसेकंदांच्या आत सुटते. शिवाय ‘ई’ पुढे येणार असल्याने ती ‘अकू’पेक्षा पुढच्या जागी टेकते. अडकलेल्या ‘अकी’त आधी हेच बघा. टेकण्याची जागा आधीच पुढे असेल, तर स्वराची तयारी झालेली आहे आणि अडथळा सुटण्यात आहे. जागा मागे असेल किंवा पुढे-मागे सरकत असेल, तर गोष्ट वेगळी. न अडखळता आलेले शब्दही तितक्याच बारकाईने मोजा. चढण, टेक, उतार यांचा वेळ आणि वेग काढा आणि दर खेपेला त्यात किती फरक पडतो ते बघा.

जीभ शांत दिसते म्हणून अडकण नाही, असं मात्र मानू नका. अडकण स्वरयंत्रात असू शकते आणि तिथवर हा प्रोब पोचत नाही. जमलं तर इलेक्ट्रोग्लॉटोग्राफचे (स्वरतंतूंची उघडझाप टिपणाऱ्या यंत्राचे) दोन इलेक्ट्रोड गळ्याच्या दोन्ही बाजूंना लावून तो संकेतही त्याच पल्सशी जुळवून घ्या.