आधी कान, मग कॅमेरा

अंबाजोगाईतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर चालणाऱ्या लोकमाध्यम केंद्रात मी बारावीच्या परीक्षेनंतर प्रथम गेलो, तो केवळ कॅमेरा हाती मिळेल या आशेने. दोन खोल्या, भिंतींना गोधड्या टांगून तयार केलेली ध्वनिमुद्रणाची जागा, चार संगणक, दोन कॅमेरे आणि दाराशी ठेवलेली साहित्याची नोंदवही, एवढाच तेथील संसार होता. केंद्र गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि तेथे शिकून गेलेल्यांच्या श्रमावर चालते. कोणीही यावे, साहित्य वापरावे आणि जे तयार होईल त्याची एक प्रत संग्रहासाठी ठेवून जावी, एवढीच तेथील अट आहे. आता नव्याने येणाऱ्या मुलामुलींना शिकवण्याचे काम माझ्याकडे आहे. म्हणून पहिल्या वर्षी मला जे कळायला हवे होते ते येथे सविस्तर लिहीत आहे.

केंद्रात गेल्यावर आधी हेडफोन मागावा. चित्र थोडे हलले तरी लोक पाहतात, परंतु बोलणे नीट ऐकू आले नाही तर दोन मिनिटेही थांबत नाहीत. माझे पहिले ध्वनिमुद्रण आमच्या गल्लीतील एका आजींच्या जात्यावरच्या ओव्यांचे होते. मे महिना असल्यामुळे पंखा चालू ठेवला आणि हेडफोन न लावताच तासभर मुद्रण केले. केंद्रात येऊन ऐकले तर आजींच्या आवाजावर पंख्याची भणभण पसरलेली होती. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे सदोष वायरिंगची घरघर ५० आणि १०० हर्ट्झ अशा ठरावीक जागी सापडते व ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बरीचशी काढता येते. पंख्याचा वारा मात्र आवाजाच्या उंच-खाली सगळ्या पट्ट्यांत मिसळतो आणि तो काढायला जावे तर माणसाचा आवाज घागरीतून आल्यासारखा होतो. मी दोन दिवस त्या फाइलशी झगडलो आणि शेवटी पुन्हा आजींकडे गेलो.

दुसऱ्या वेळी पंखा बंद केला, दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि माइक आजींच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, पण थोडा बाजूला धरला. कारण समोर धरला की प, फ, भ या अक्षरांचा श्वास थेट माइकवर आदळतो. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्याच्या वर आवाज फाटतो) राहील असे पाहिले, म्हणजे एखादी ओळ उंच गेली तरी ती फाटत नाही. गाणे संपल्यावर अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करून घेतली. संपादनात दोन ओळींमधली जागा भरायला हीच शांतता लागते, आणि नवे लोक नेमकी तीच विसरतात.

ओव्यांचा विषय निघालाच आहे, तर प्रत्येक नवोदिताने हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाच्या कामाकडे अवश्य पाहावे. त्यांच्या संग्रहात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या ओव्याही आहेत. त्या संग्रहाचे मोल गाणारीचे नाव आणि गाव यांची नोंद ठेवण्यात आहे. ती नसती तर उरला असता तो नुसता आवाज. म्हणून आमच्या केंद्रात फाइलच्या नावातच तारीख, गाव, बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि विषय लिहावा लागतो, आणि प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवल्या जातात, त्यांतील एक वाड्याबाहेर. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर बसला आणि माझे चार तासांचे संपादन गेले, त्या दिवसापासून दर पाच मिनिटांनी काम जतन करण्याची सवय मला लागली.

नोंदी युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात कराव्यात. आपल्याकडील डीटीपीच्या दुकानांत अजूनही बराच मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतो. तो दुसऱ्या संगणकावर नेला की त्याची निरर्थक चिन्हे होतात आणि शोधूनही काही सापडत नाही. युनिकोडमध्ये मराठी टाइप करण्याचा इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला मला तीन आठवडे लागले. माझ्या मते या क्षेत्रात येणाऱ्या मराठी माणसासाठी ते तीन आठवडे कोणत्याही महागड्या अभ्यासक्रमापेक्षा अधिक उपयोगाचे आहेत, कारण उपशीर्षके आणि मुलाखतींची लेखी प्रत ही सुरुवातीची कामे मला त्याच बळावर मिळाली.

चोरीचे सॉफ्टवेअर केंद्रात वापरले जात नाही आणि त्याची गरजही पडत नाही. ध्वनीसाठी ऑडॅसिटी, चित्रफितीच्या संपादनासाठी केडेनलाइव्ह, त्रिमितीय कामासाठी ब्लेंडर ही सगळी खुली, म्हणजे कोणालाही मोफत वापरता येणारी आहेत. त्यांतील ब्लेंडर तर २००२ साली एक लाख युरोची वर्गणी जमवून खुले करून घेतले गेले. वर्गणीवर उभ्या असलेल्या आमच्या माडीवर ही हकीकत मी प्रत्येक नव्या तुकडीला आवर्जून सांगतो.

कमाईबद्दल स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. केंद्र पगार देत नाही. पहिली दोन वर्षे माझा खर्च लग्नसराईतील चित्रफितींच्या संपादनावर निघाला. पुढे शाळांची आणि शेतकरी गटांची माहितीपर कामे मिळू लागली. ज्यांना आवाजाचीच गोडी लागते त्यांच्यासाठी सामुदायिक रेडिओ हा चांगला मार्ग आहे. केंद्र सरकारच्या २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रे चालवता येतात. त्यांचे प्रक्षेपण साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत ऐकू येते, त्यामुळे ऐकणारा हा शेजारीच असतो आणि आपली बोली तेथे कोणाला खटकत नाही.

मुद्रणापूर्वी परवानगी घ्यावी आणि आवाज कोठे ऐकवला जाईल हे नेमके सांगावे. रेडिओवर गायला तयार असलेली बाई मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीला नकार देऊ शकते, आणि तो नकार नोंदवहीत होकाराइतक्याच ठळक अक्षरांत लिहिला पाहिजे. काम पूर्ण झाल्यावर ते आधी त्या व्यक्तीला ऐकवावे. मी आजींच्या कानांना हेडफोन लावला तेव्हा त्या डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “तिसरी ओवी चुकली बाळा, ती माझ्या मायनं अशी नव्हती म्हणली. पुन्हा घे.” मी पंखा बंद केला आणि ती ओवी पुन्हा घेतली.