शंका आणि आक्षेप यांना सामोरे जाताना: इंदूरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती माणसाची उपासना बहुधा हिंदीत होते, घरचे बोलणे मराठीत चालते आणि आडनाव शेजाऱ्यांसारखेच असते. त्यामुळे लग्नकार्यात भेटलेला दूरचा आप्त सहज विचारतो की हा परका धर्म तुम्ही का धरलात, आणि कॉलेजला जाणारी मुलगी घरी येऊन विचारते की मेलेला माणूस उठला हे कशावरून. अशा वेळी 'प्रश्न नकोत, प्रार्थना करा' असे सांगण्याची रीत अनेक घरांत आहे. ती मला घातक वाटते, कारण तशाने शंका मनातून जात नाही, ती फक्त घरात बोलली जात नाही. येशू मरणातून उठला हे त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण पाहिल्यावाचून आपण मानणार नाही, असे त्याचा शिष्य थोमा याने स्पष्ट सांगितले होते. तरीही इतर शिष्यांनी त्याला दूर केले नाही, आणि आठ दिवसांनी येशू आला तेव्हा थोमा त्यांच्यातच बसलेला होता.

शंका आली की प्रथम ती वहीत एका वाक्यात लिहावी, म्हणजे ती कशाविषयी आहे हे कळते. शुभवर्तमाने, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तके, भरवशाची आहेत का, हा माहितीचा प्रश्न आहे. माझ्या आईलाच कॅन्सर का झाला, हा दुःखाचा प्रश्न आहे, आणि त्याला इतिहासाचे उत्तर दिले तर विचारणारा आणखी दुरावतो. तिसरा प्रश्न ख्रिस्ती लोकांच्या वागण्याचा असतो. तिन्ही एकाच दिवशी सोडवू पाहू नयेत. जो सर्वांत जास्त छळतो तो आधी घ्यावा.

माहितीच्या प्रश्नासाठी मूळ ग्रंथच हाती घ्यावा. मार्काचे शुभवर्तमान सर्वांत लहान आहे. ते एका बैठकीत सलग वाचून व्हावे. त्यानंतर करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचावा. हे पत्र साधारण इ. स. ५५ च्या सुमारास, म्हणजे येशूच्या मरणानंतर सुमारे पंचवीस वर्षांच्या आत लिहिले गेले. त्यात पत्राचा लेखक प्रेषित पौल पुनरुत्थित येशूला पाहणाऱ्यांची नामावळी देतो, आणि पाचशेहून अधिक जणांनी त्याला एका वेळी पाहिले व त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे सांगतो. पडताळून पाहणारे जिवंत असताना केलेले हे विधान आहे, याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. ख्रिस्ती धर्माला अपायकारक अंधश्रद्धा मानणारा रोमन इतिहासकार टॅसिटस हाही, सुमारे ११६ साली, रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या अमलाखाली ख्रिस्ताला देहदंड झाल्याची नोंद करतो. याच अभ्यासात अडचणीच्या गोष्टीही झाकू नयेत. मार्काच्या शेवटच्या अध्यायातील ९ ते २० ही वचने सर्वांत जुन्या दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीत, आणि रिकाम्या कबरेपाशी कोण कोण गेले याविषयी चारही शुभवर्तमानांत फरक आहेत. मुलांना हे आपणच आधी सांगितले तर पुढे मोबाइलवर वाचून त्यांना फसवले गेल्यासारखे वाटत नाही. इतिहास येथे गणितासारखी सिद्धता देत नाही. तो विश्वासाला समंजस आधार देतो, आणि तितकेच म्हणावे. विज्ञान आणि विश्वास एकत्र नांदत नाहीत, या आक्षेपावर मी फार वेळ घालवणार नाही: विश्व प्रसरण पावत आहे हा विचार १९२७ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू होता.

दुःखाच्या प्रश्नापुढे मात्र युक्तिवाद बाजूला ठेवावा. बायबलमधल्या ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन लांबलचक भाषणे केली, आणि अखेर देवाने त्या मित्रांनाच दोष दिला. ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. ते दुःखी माणसाबरोबर मोठ्याने वाचावे आणि त्यावर भाष्य करू नये. आपल्या जवळचे एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. उदयनगर भागात गरीब आदिवासींमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये हत्या झाली. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. हे कशासाठी घडले, याचे उत्तर त्या राखीने दिले नाही. परंतु ख्रिस्तावरचा विश्वास दुःखात माणसाकडून काय करवून घेऊ शकतो, हे त्यातून दिसते.

'परका धर्म' या आक्षेपाला उत्तर देताना आधी खरे ते मान्य करावे. इंदूरच्या मंडळीच्या उभारणीत कॅनडाच्या मिशनऱ्यांचा मोठा वाटा आहे, आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेजही त्यांनीच सुरू केले. गोव्यात १५६० पासून चाललेल्या इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्ममतांवरून चौकशी व शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचे, समर्थन कोणत्याही शब्दांत करू नये. प्रलोभनाने किंवा धाकाने केलेले धर्मांतर विश्वासच नव्हे, असे निःसंकोच म्हणावे आणि आपल्या मंडळीचे व्यवहार त्याच मापाने तपासावेत. इतके केल्यावर नीळकंठशास्त्री गोरे यांचे नाव घ्यावे. झाशीजवळ जन्मलेल्या आणि काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने आधी ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ संस्कृतात ग्रंथ लिहिला, आणि पुढे १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही शंकांनी त्यांना सोडले नाही. तरी पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्याच्या निर्णयात त्यांच्या लेखनाचा वाटा होता. शंका आणि सेवा एकाच आयुष्यात नांदू शकतात, हे मला त्यांच्यामुळे पटले.

कोणाशी बोलताना पेत्राच्या पहिल्या पत्रातील सूचना पाळावी: आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यावे, पण सौम्यतेने आणि आदराने. समोरच्याच्या दैवतांची निंदा करू नये. आधी त्याचा आक्षेप आपल्या शब्दांत पुन्हा सांगून 'असेच म्हणायचे आहे ना?' असे विचारावे. माहिती नसेल तर 'शोधून सांगतो' म्हणावे, आणि खरोखर शोधून सांगावे.

मुलगा चर्चला येणार नाही म्हणाला तर त्याला ओढून नेऊ नये, पण घरच्या प्रार्थनेतून त्याला वगळूही नये. पास्टरसाहेबांकडे नेण्याआधी त्याची परवानगी घ्यावी, आणि त्याची वही त्याने स्वतः दाखवल्याखेरीज उघडू नये.