सेमिस्टर संपल्यावर स्वतःचं काम परत कसं बघायचं

ज्युरी (परीक्षकांसमोर कामं मांडणं) झाली, ग्राफिक डिझाइनचं चौथं सेमिस्टर संपलं, बॅचमधले निम्मे झोपलेत आणि निम्मे गावाला गेलेत. झोप काढा दोन दिवस, पण त्यानंतर एक दुपार या कामासाठी नक्की ठेवा. मार्कांपेक्षा मला यातूनच जास्त कळलं म्हणून लिहितोय.

आधी एक, बटर पेपर आणि रफ थंबनेल्स (छोटी कच्ची रेखाटनं) रद्दीत टाकू नका. फायनल शीटवर फक्त शेवटचा निर्णय दिसतो, आधीचे पाच का सोडले ते रफमध्येच असतं.

मग सगळी कामं ए-फोरवर ब्लॅक अँड व्हाइट काढा आणि भिंतीला चिकटवा. रंग मुद्दाम नको, कारण रंग बरंच लपवतो, माझं एक पॅकेजिंग लाल-पिवळ्यात भारी वाटायचं, ग्रेमध्ये ब्रँडचं नाव आणि मागचं बॅकग्राउंड एकाच टोनचं निघालं. सात-आठ फूट लांब उभं राहून बघा, पहिलं काय वाचलं जातं ते पेन्सिलनं तिथेच लिहा.

प्रत्येक कामाखाली तीनच गोष्टी लिहा: ब्रीफ काय होतं (म्हणजे काय करायला सांगितलं होतं), मी काय ठरवलं, आज काय बदलेन. "खूप शिकायला मिळालं" असलं वाक्य आलं की खोडा. ज्युरीचे शेरे त्याच संध्याकाळी लिहून ठेवलेले बरे, आणि "कंपोझिशन वीक" एवढंच लिहून भागत नाही, नेमकं बोट कुठे ठेवलं होतं तेही लिहा.

आता माझं सगळ्यात फसलेलं काम, गावच्या वाचनालयाचं पोस्टर, मराठीत. इंग्रजी टाइपोग्राफीत शिकलेलं सगळं मी जसंच्या तसं देवनागरीवर लावलं होतं. हेडिंगला ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं तर शिरोरेषाच तुटली, अक्षरं सुटी सुटी. मजकूर १४ पॉइंट आणि लीडिंग (ओळींमधलं अंतर) ऑटो, म्हणजे साधारण १६.८, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळत होते, आता २१ ठेवलंय आणि श्वास घेता येतो. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसलेली, जोडाक्षरं फुटलेली, आणि मी ती हातानं सरकवत रात्र घालवली. खरं तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू करून पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत साउथ एशियन कंपोझर (देवनागरी अक्षरं नीट जुळवणारी सोय) निवडायचा असतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. दोन मिनिटांचं काम, पण आधी कुणी सांगितलं नव्हतं.

प्रिंटचं थोडक्यात: चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जादा सोडलेला भाग), आणि बारीक काळा मजकूर फक्त के १००, म्हणजे नुसत्या काळ्या शाईत, चार रंगांचा काळा केला आणि प्लेट जरा जरी हलली तरी रफार, अनुस्वार धूसर होतात.

त्या फसलेल्या पोस्टरमुळेच मी अक्षररचनाकार र. कृ. जोशींचं काम शोधून बघायला लागलो. विंडोजमधला मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यांनी केला हे मला माहीतच नव्हतं, आणि हा माणूस आयुष्यभर हातानं अक्षरं काढणारा. म्हणून मीही बोरू घेतला. देवनागरीसाठी बोरूचं टोक इंग्रजी कॅलिग्राफीच्या निबच्या उलट बाजूला तिरकं कापतात, त्यामुळे जाड-बारीक रेघ वेगळ्याच दिशेला पडते. पानभर 'क' आणि 'अ' काढले तेव्हा हातालाच कळलं की माझं हेडिंग इतकं परकं का वाटत होतं.

शेवटचं, सुट्टीत एकच काम परत करा, सगळी नको. मी ते पोस्टरच घेतलंय, मजकूर मुक्ता या फॉन्टमध्ये, हेडिंग बोरूनं काढून स्कॅन केलेलं. सोमवारी ए-थ्री प्रिंट काढून वाचनालयाच्या दारावर लावणार आहे, आणि लोक थांबून वाचतात का ते समोरच्या कट्ट्यावर बसून बघणार आहे.