वेंगुर्ल्यात बिऱ्हाड करायचं असेल तर

मी मूळची बार्शीची. 1999 च्या जूनमध्ये शिक्षिकेची नोकरी मिळाली म्हणून कुडाळला उतरून एसटीने वेंगुर्ल्याला आले. वाटेत लागलेला पाऊस उतरेपर्यंत थांबला नाही, आणि त्यानंतरचे तीन महिनेही त्याने फारशी उसंत दिली नाही. ट्रंकेत नीट घड्या घालून ठेवलेल्या साड्या गणपतीच्या वेळी बाहेर काढल्या, तर सगळ्यांवर बुरशी. शेजारच्या काकी बघायला आल्या नि हसत म्हणाल्या, "बाय, तू घाटावयली मां?" म्हणजे, घाटावरची ना? हा प्रश्न नव्हता, ओळखपत्र होतं. आज पंचवीस वर्षांनंतरही मी घाटावयलीच आहे, फक्त आता तो शब्द लाडाने येतो.

हल्ली पुण्या-मुंबईहून निवृत्त होऊन, नाहीतर घरूनच काम करता येतं म्हणून बरीच मंडळी इकडे यायला बघतात आणि मला फोन करतात. पहिला प्रश्न हमखास समुद्राचा असतो. समुद्र आहेच हो, तो कुठे जातो! आधी गाव बघा.

बाजारातून बंदराकडे एकदा चालत जा. एवढ्याशा गावाला एवढी जुनी पेठ, क्रॉफर्ड मार्केट नावाची मंडई, 1876 पासूनची नगरपालिका, मिशनऱ्यांनी काढलेलं इस्पितळ कशाला, असा प्रश्न पडेल. उत्तर बंदरात आहे. सतराव्या शतकात डच इथे वखार घालून बसले, कारण पोर्तुगीजांचा गोवा इथून हाकेच्या अंतरावर. तिकडच्या जहाजांवर नजर ठेवायची, नाकेबंदी करायची आणि आपल्या गलबतांना दाणापाणी पुरवायचं, हे सगळं या एका ठिकाणाहून जमायचं. त्या वखारीच्या भिंती अजून आहेत, वर आभाळ. पुढे 1812 मध्ये सावंतवाडी संस्थानाकडून गाव इंग्रजांकडे गेलं. आंबोलीच्या घाटातून बेळगावचा माल या बंदरात उतरू लागला, तेव्हा वेंगुर्ल्याचे खरे दिवस होते.

मग रेल्वे आली, पण दुसरीकडे. 1888 पर्यंत मार्मागोवा बंदर लोहमार्गाने जोडलं गेलं आणि घाटावरचा माल तिकडे वळला. मुंबईची बोट मात्र पुढेही कितीतरी वर्षं येत राहिली. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्याला यायचे. ट्रंक, पोरं आणि भरती सांभाळत उतरल्याच्या गजाली म्हातारी माणसं आजही रंगून सांगतात. शेवटी बोटही बंद झाली. मुंबई-गोवा महामार्ग आतून गेला. 1998 ला पूर्ण झालेली कोकण रेल्वेसुद्धा कुडाळ-सावंतवाडीवरून गेली, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर लांब. कुडाळ फुगलं, वेंगुर्लं आहे तसं राहिलं. म्हणूनच इथला दुकानदार दुपारी एकला फळी लावून जेवायला जातो आणि चारशिवाय उघडत नाही. त्याला आळशी म्हणायची घाई करू नका. ज्या गावाने डच, इंग्रज आणि आगबोटी येऊन गेलेल्या पाहिल्यात, ते तुमच्या घाईने हलणार नाही.

जागेचं बोलते, कारण फसतात ते इथेच. पहिलं वर्ष भाड्याने राहा, आणि त्यात एक अख्खा पावसाळा काढा. मे महिन्यात चिऱ्याचं घर, खळं म्हणजे अंगण, माडाची सावली बघून माणूस भुलतो. त्याच घरात जुलैमध्ये भिंतीला हात लावून बघा. शेतजमीन घ्यायची तर तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. त्याहून मोठी अडचण सातबाऱ्याची. एकेका तुकड्यावर वीस-वीस नावं, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने एकाच भावाच्या शब्दावर विसार दिला नि चार वर्षं सह्या गोळा करत फिरले. समुद्रालगतच्या जागेला बांधकामाचे किनारी नियम वेगळेच. बाव, म्हणजे विहीर, आहे का आणि एप्रिलमध्ये तिला पाणी किती राहतं, हे मालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारा.

मासळीचं गणित मला दोन वर्षांनी उमगलं. मी आपली वजनाचा भाव विचारायची आणि बाजारातल्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या. बारीक मासळी वाट्याने, म्हणजे ढिगावर, मिळते. बांगडा, तारले, सौंदाळे ज्या दिवशी जे ताजं असेल ते घ्यायचं, घरून ठरवून जायचं नाही. घासाघीस करा, पण एकदा सांगितलेला वाटा मोडू नका. पहाटे किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढत असतील तर दोरीला हात लावा. हात लावणाऱ्याला थोडी मासळी मिळते, आणि मासळीहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी तुम्हाला नावाने हाक मारतं.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्याआधी मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करायची: सुके बांगडे, सुकट, सोलं (आमसुलं), कांदे, सरपण, मेणबत्त्या. लाईट जाते तेव्हा किती वेळ जाईल याचा नेम नसतो. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही. जुलैभर डाळभात आणि लोणचं खाल्लं, आणि ज्वारीच्या भाकरीच्या आठवणीने रडले, तेही सांगून टाकते. इथे भाकरी म्हणजे तांदळाची.

कचरा मात्र पहिल्या दिवसापासून वेगवेगळा ठेवा. या गावाने आपल्या डंपिंगच्या जागेचं रूप पालटलंय, ओल्या कचऱ्यापासून गॅस केला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात घातलं. बाहेरगावचे लोक तो प्रकल्प बघायला येतात. माझी सगळं एकत्र कोंबलेली पिशवी गाडीवरच्या माणसाने शांतपणे परत दारात ठेवली होती. शब्द एक नाही. मला एवढी लाज वर्गातही कधी वाटली नाही.

फेब्रुवारीत ओल्या काजूगराची उसळ कुणी आणून दिली तर समजा, घरात घेतलंय. इथल्या फळ संशोधन केंद्रातली वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 ही काजूची कलमं कोकणभर गेलीत. परसात जागा असेल तर एखादं लावा. रिकामं भांडं परत करू नका, त्यात काहीतरी घाला.

आणि जत्रा. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतार चालतो. संहिता नसते, नट उभ्या उभ्या बोलतात. पहिल्या वर्षी भाषा अर्धी कळेल, राक्षस आला की पोरं किंचाळतील, तुम्ही झोपाल. झोपा. सतरंजी घरून न्या, शेजाऱ्यांच्या शेजारी पसरा, मध्यरात्री भजी खा. मालवणी बोलायची खटपट मात्र लगेच नको. मी पहिल्याच वर्षी पुजाऱ्यांशी मोठ्या ऐटीत मालवणीत बोलायला गेले आणि "आले" या अर्थी "इलंय" म्हणताना बाईचं रूप नि पुरुषाचं रूप यांत घोटाळा केला. कुठलं कुणाचं, हे माझ्या अजून लक्षात राहत नाही. देवळातल्या बायका आजही मला त्यावरून छेडतात.

यायचं ठरलं तर एप्रिलच्या शेवटी या. भाड्याची घरं बघायला महिना मिळेल, आगोटीला मी बाजारात सोबत येईन. येताना घाटावरची थोडी ज्वारी आणा, माझी संपत आलीय.